पेट्यांतून फिरणारी पुस्तके

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड म्हटले की आपल्याला हटकून आठवते ती डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती. त्यांच्या ग्रंथालयांविषयी मात्र जेमतेम बोलले जाते. मला त्यांचे मोठेपण तिथेच अधिक दिसते.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा गोपाळ. जन्म ११ मार्च १८६३ चा. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी १८७५ साली त्याला दत्तक घेतले तेव्हा बाराव्या वर्षीही त्याला अक्षरओळख नव्हती. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली तो शिकला आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्याची सूत्रे हाती आली. इतक्या उशिरा पाटी धरलेल्या राजाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करावे आणि १९०६ मध्ये ते राज्यभर न्यावे, याचे मला नवल वाटत नाही.

नवल पुढेच आहे. शाळा सुटली की पोर नांगरामागे जाते. घरात वाचायला काही नसले की दोन-चार वर्षांत शिकलेले सारे पुसले जाते, आणि शाळेवरचा खर्च पाण्यात! (बँकेत जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला ही बुडीत खात्याची धास्ती चटकन कळते.) १९०६ च्या दौऱ्यात महाराजांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. त्यांच्या परदेशवाऱ्यांवर टीका पुष्कळ झाली, पण ही वारी जमेच्या बाजूलाच मांडावी लागेल. १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना त्यांनी बडोद्यास आणले, स्वतंत्र ग्रंथालय खाते काढले आणि राजवाड्यातला आपला ग्रंथसंग्रह लोकांसाठी देऊन टाकला.

बोर्डेन यांनी १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग उघडला. हिंदुस्थानातला असा हा पहिलाच वर्ग. खेड्यातल्या ग्रंथालयाच्या खर्चाचे तीन वाटे केलेले: एक गावकऱ्यांचा, एक प्रांत पंचायतीचा, एक सरकारचा. गावाने स्वतःच्या खिशात हात घालावा, ही अट मला फार शहाणपणाची वाटते. मोतीभाई अमीन या शिक्षकाने त्यासाठी गावोगाव जीव ओतला. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत.

पण ज्याला वाचताच येत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी याच खात्यात चित्रांतून शिक्षण देणारी एक शाखा होती. मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप, सिनेमाचे यंत्र असा सरंजाम घेऊन माणसे खेडोपाडी जात आणि फुकट खेळ दाखवत. आज परदेशातल्या विद्यापीठांत शैक्षणिक तंत्रज्ञान आणि शालेय ग्रंथपालन हे विषय पदव्युत्तर वर्गात एकत्र शिकवतात. बडोद्यात पुस्तक आणि यंत्र तेव्हाच एका छपराखाली नांदत होते.

बोर्डेन १९१३ मध्ये मायदेशी परतले. साहेब गेला की खाते मिटते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. इथे तसे झाले नाही. न्यूटन मोहन दत्त यांनी ते पुढे वाढवले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईत वारले, तेव्हाही पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरतच होत्या.