दादासाहेब फाळके काय काय शिकले होते?



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. सायन्स की आर्ट्स? त्यातही ज्या मुलाची चित्रकला चांगली आहे आणि जे घरातला बिघडलेला पंखाही उघडून बसतं, त्याच्या आईवडिलांची तर फारच पंचाईत होते. चित्रकलेला पाठवलं तर पोट कसं भरेल, आणि इंजिनिअरिंगला पाठवलं तर हातातली पेन्सिल सुटेल. दोन्ही एकत्र शिकता येतं हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि इम्पीरियल कॉलेज या दोन संस्था मिळून डिझाइन आणि इंजिनिअरिंगचा एकच अभ्यासक्रम चालवतात. एक संस्था कलेची, दुसरी विज्ञानाची, आणि विद्यार्थ्याला पदवी दोन्हीकडची मिळते. इतकं लांब कशाला, आपल्या मुंबईच्या आयआयटीत इंजिनिअरिंगच्याच आवारात १९६९ पासून डिझाइनचं केंद्र आहे.

पण आज मला तुम्हाला या अभ्यासक्रमांची माहिती द्यायची नाही. आपल्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. अशी जोडपदवी अस्तित्वातच नव्हती तेव्हा तो माणूस ती जवळजवळ पूर्ण करून बसला होता. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब.

दादासाहेबांची गोष्ट आपण वर्गात कशी सांगतो ते आठवून बघा. त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला, आपल्या देवांचा सिनेमा काढायचं ठरवलं, आणि 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. मुलांना वाटतं, सिनेमा बघून आल्यावर एका रात्रीत सगळं सुचलं. खरं तर त्या दिवशी सिनेमा पाहिला तेव्हा दादासाहेब चाळिशीत होते आणि त्याआधीची पंचवीस वर्षं ते शिकतच होते. ही पंचवीस वर्षं आपण गाळून टाकतो. मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. अशा घरातल्या मुलाने पुढे काय करायचं हे त्या काळी जवळपास ठरलेलंच असे. पण वडिलांना मुंबईत अध्यापकाची नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईला आलं, आणि १८८५ साली पंधरा वर्षांच्या धुंडिराजने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. शास्त्रीबुवांनी मुलाला चित्रकला शिकू दिली, याची नोंद आपण पालकांनी जरूर घ्यावी.

पुढे मोठे बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्याला गेले. इथे थोडं थांबायला हवं.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८९० साली त्यांनी बडोद्यात 'कलाभवन' सुरू केलं. नावावरून वाटतं चित्रकलेची शाळा असेल. पण तिथे चित्रकला तर होतीच, शिवाय यंत्रविद्या होती, वास्तुकला होती, कापड रंगवणं आणि छापणं होतं, रसायनं होती. कुंचला आणि कानस एकाच छपराखाली! आणि शिकवणं इंग्रजीतून नाही, मुलांना समजणाऱ्या देशी भाषांतून. मातृभाषेतून तांत्रिक शिक्षण हा विषय आज आपण नव्याने चर्चेला घेतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

या कलाभवनाचे प्राचार्य होते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. हे गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं होतं, ते डाग काही केल्या निघेनात, ते शेवटी या गज्जरांनी काढले. असा माणूस कलेच्या विद्यार्थ्यांचा प्राचार्य! धुंडिराज तिथे तैलरंग आणि जलरंग शिकले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. मूर्ती घडवणं, इमारतींचे नकाशे, फोटो काढणं आणि तो स्वतः धुऊन छापणं, सगळीकडे त्यांनी हात घातला. गज्जरांनी त्यांना अडवलं नाही. उलट पुढे रतलामला जाऊन तीनरंगी ब्लॉक बनवणं आणि छपाईची तंत्रं शिकून यायला प्रोत्साहन दिलं.

तीनरंगी ब्लॉक म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण वर्गात विचारलं जातं. एकाच चित्राचे तीन ठसे करायचे, एक पिवळ्या, एक लाल आणि एक निळ्या शाईचा. तिन्ही बरोबर एकावर एक बसले तर सगळे रंग दिसतात, केसभर जरी सरकले तरी चित्र फिसकटतं. म्हणजे रंगाची जाण चित्रकाराची हवी आणि मोजमाप यंत्रकाराचं. एक असून चालत नाही.

१८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. आता या प्रतिकृतीला कला म्हणाल की इंजिनिअरिंग?

इथून पुढची वर्षं मात्र वाचताना जीव तुटतो. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय मांडला. १९०० च्या सुमारास प्लेगने पत्नी आणि मूल दोघंही गेली. ते बडोद्याला परतले, पुन्हा स्टुडिओ उघडला. फोटो काढला की माणसाची शक्ती कमी होते अशी लोकांची समजूत, म्हणून गिऱ्हाईक येईना. मग नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले आणि केलेही. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे काढणारे म्हणून सरकारी नोकरी लागली, ती तीनच वर्षांत सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलं. मग दादरला छापखाना. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. छापखाना नावारूपाला आला, आणि भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडून दिला.

तुमच्या शेजारच्या घरात असा चाळिशीचा माणूस असता तर आपण काय म्हटलं असतं? धरसोड वृत्तीचा आहे, एका जागी टिकत नाही, हेच ना? मला वाटतं त्यांच्या नातेवाइकांनीही तेच म्हटलं असणार. आणि त्या क्षणापर्यंत ते म्हणणं फारसं चुकीचंही नव्हतं, हे मान्य करायला हवं. पदक होतं, हुन्नर होता, घरात पैसा नव्हता.

१९११ साली मुंबईत गिरगावात त्यांनी तो सिनेमा पाहिला. नंतर ते रोज सिनेमे बघू लागले, घरी खेळण्यासारख्या साध्या सामानावर प्रयोग करू लागले, झोप नाही, डोळ्यांवर सतत ताण. इतका ताण की दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली, आणि दादासाहेब पुन्हा तिथेच बसले. फेब्रुवारी १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची आणि फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि साधारण दोन महिन्यांत परतले.

दोन महिन्यांत सिनेमा शिकून आले? तर नाही. पंचवीस वर्षं शिकले होते, दोन महिन्यांत उरलेलं शिकले.

परत आल्यावर त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. पैसे देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून काहीतरी करून दाखवायला हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा ठेवला. रोज थोडीथोडी चित्रं, असं महिनाभर. बी फुटलं, कोंब आला, वेल वर चढला, आणि हे सगळं पडद्यावर एका मिनिटात. नाव 'अंकुराची वाढ'. परिसर अभ्यासात आपण मटकी भिजवून जो पाठ घेतो, तोच हा पाठ. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं धरली तर मिनिटाला ९६०, म्हणजे महिन्याचे सरासरी दिवसाला ३२ फोटो. चौथीच्या मुलांना हे उदाहरण जरूर घाला. एका मिनिटाच्या त्या वेलाने कर्ज मिळवून दिलं.

मग दादरच्या राहत्या घराच्या आवारात 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. त्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. आता कोणतं शिकलेलं कुठे कामाला आलं ते बघा. राजवाड्याचे पडदे रंगवायचे आहेत, तिथे नाटकांचे पडदे रंगवलेला हात. देव एकदम प्रकट व्हायला हवा, तिथे जादूगाराची युक्ती, कॅमेरा थांबवून पात्र बदलायची. फिल्म धुवायची आहे, तिथे रसायनं. कॅमेरा अडकला तर दुरुस्त करणारा मेकॅनिक मुंबईत शोधून मिळणार नव्हता, तिथे यंत्रविद्या. आणि एक गंमत, त्या वेळच्या फिल्मला लाल रंग काळा दिसायचा. म्हणजे डोळ्यांना सुंदर दिसणारा लाल शालू पडद्यावर काळाकुट्ट! रंग डोळ्यांनी निवडायचा नाही, फिल्मला काय दिसेल ते ओळखून निवडायचा. ब्लॉक बनवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले, आणि रोहिदासाचं काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र याने केलं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण सरस्वतीबाईंबद्दल आपण वर्गात पुरेसं बोलत नाही. कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून त्या रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत, फिल्म धूत. उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडत. दागिनेही गेलेच. सिनेमाची लांबी होती सुमारे ३७०० फूट. एका फुटात १६ चित्रं, प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं. गुणाकार करून पाहा, ४,७३,६०० येतात. यंत्र होतं, पण ते हातानेच फिरवायचं. त्या ना जे. जे. त गेल्या होत्या ना कलाभवनात. नवरा शिकला ते त्या घरात उभ्या उभ्या शिकल्या.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. पुढे नाशिकला 'मोहिनी भस्मासुर', मग 'लंका दहन', 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन'. 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी.

शेवट मात्र सुखाचा नाही. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्तान सिनेमा कंपनी निघाली, पुन्हा मतभेद, पुन्हा राजीनामा, मग काशीला जाऊन नाटक लिहिलं, मग परत तीच कंपनी. बोलपट आले आणि त्यांचं सगळं तंत्र जुनं झालं. कोल्हापुरात केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट, १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले तेव्हा हलाखीच होती. रंग, रसायन, यंत्र सगळं शिकलेल्या या माणसाला भागीदारीचा व्यवहार कधी जमला नाही, आणि कलाभवनाच्या विषयांत तो विषय नव्हताही. दोन्ही शाखा शिकवल्या म्हणजे मुलाचं सगळं सुरळीत होईल, असं मी कोणत्याही पालकाला सांगणार नाही. पण चित्रकला की यंत्र यातलं एक पंधराव्या वर्षी त्यांच्याकडून काढून घेतलं असतं तर १९१३ चा तो सिनेमा त्यांच्या हातून झाला नसता, एवढं मी खात्रीने सांगेन.

बडोद्याच्या कलाभवनाचं पुढे काय झालं हेही सांगते. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि कलाभवनातून त्याची इंजिनिअरिंगची विद्याशाखा तयार झाली. चित्रकला-शिल्पकलेसाठी १९५० मध्ये वेगळी विद्याशाखा निघाली आणि दोन्ही स्वतंत्रपणे नावाजल्या. कलाभवन हे नाव मात्र इंजिनिअरिंगकडेच राहिलं.

वर्गात हा पाठ घेणार असाल तर एक सुचवते. दादासाहेबांनी 'चित्रपट कसे तयार करतात' नावाचा एक छोटा माहितीपट काढला होता. त्याचा काही भाग आजही उपलब्ध आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या उरलेल्या रिळांआधी मुलांना तो दाखवा. त्यात दादासाहेब स्वतः आहेत, नटांना समजावून सांगताना आणि नंतर फिल्मची पट्टी हातात घेऊन तपासताना. मुलांना फक्त एवढं विचारा, की हे काम चित्रकाराचं चाललंय की इंजिनिअरचं. उत्तरं वहीत लिहून घ्या, आणि जमलं तर मलाही कळवा.