सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी दोन महिन्यांत चीनला जायची तयारी केली, पण परत आलेच नाहीत

डॉ. कोटणीस म्हटलं की आपल्याला व्ही. शांताराम यांचा सिनेमा आठवतो. चीनमधले डोंगर, जखमी सैनिक आणि रात्रंदिवस ऑपरेशन करणारा मराठी डॉक्टर. पण ही गोष्ट सुरू होते १९३८ च्या पावसाळ्यात, मुंबई-सोलापुरात.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. मुलगा मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागला. अशा घरात डॉक्टर झालेल्या मुलाकडून काय अपेक्षा असतात, हे वेगळं सांगायला नको. आता कुठे चार पैसे यायची वेळ आली होती.

तिकडे १९३७ मध्ये जपाननं चीनवर हल्ला केला होता. चिनी सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी ३० जून १९३८ ला लोकांना आवाहन केलं, जुलैमध्ये देशभर 'चीन दिन' पाळून निधी गोळा झाला आणि २२ हजार रुपये जमले. औषधं आणि एक रुग्णवाहिकाही पाठवायचं ठरलं. आपला देश स्वतःच गुलामीत होता, तरी दुसऱ्याच्या लढाईसाठी लोकांनी खिशात हात घातला.

पैसे जमले, पण माणसं? अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल पथकाचे प्रमुख झाले. ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते, त्यामुळे रणांगणावरचं हॉस्पिटल कसं असतं हे त्यांना ठाऊक होतं. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजॉय कुमार बसू हे इतर तिघे. यातले बसू आले ते आयत्या वेळी. आधी निवडलेल्या एका डॉक्टरला इंग्रज सरकारनं पासपोर्ट दिला नाही, म्हणून त्यांचा नंबर लागला. पाचवे होते २७ वर्षांचे कोटणीस.

द्वारकानाथांना जग फिरायची हौस होती, नाव द्यायला ते एका पायावर तयार होते. खरी परवानगी घ्यायची होती ती घरून. चीनविषयी त्या काळी सोलापुरात कुणाला काय माहिती असणार? चिनी रेशीम विकायला माणसं यायची, तेवढीच काय ती घरच्यांची चीनशी ओळख, असं त्यांच्या बहिणीनं पुढे सांगितलं होतं. वडिलांनी जायला प्रोत्साहन दिलं. आई मात्र मुलगा एवढ्या लांब चालला म्हणून खिन्न झाली. तिथं तर लढाई चालू होती. आईचं काय चुकलं?

१ सप्टेंबर १९३८ ला पथक मुंबईहून बोटीनं निघालं. बोस यांच्या आवाहनापासून मोजलं तर जेमतेम दोन महिने झाले होते.

सप्टेंबरच्या मध्यावर ते कँटनला उतरले. सुन यत्सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग त्यांच्या स्वागताला होत्या. पण ऑक्टोबरमध्ये आधी कँटन पडलं, मग वुहान. जिथून आले ती वाट मागे बंद होत गेली. पाचही जणांनी आपल्या नावाला चीन असा अर्थ असलेला 'हुआ' जोडला आणि कोटणीस झाले के दीहुआ.

निर्णय त्यांना दुसऱ्यांदाही घ्यावा लागला, आणि तो पहिल्यापेक्षा कठीण होता. पथक कम्युनिस्टांच्या तळाकडे, येनानला निघायच्या बेतात असताना घरून पत्र आलं. वडील गेले होते. ज्यांनी पाठ थोपटून पाठवलं तेच राहिले नाहीत, घरात आई आणि भावंडं. परत जायला त्यांना कुणी अडवलं नसतं. कोटणीस गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. इथं आपण घरच्यांच्या बाजूनं विचार केला, तर हा निर्णय कौतुकाचा वाटण्याआधी बोचतो.

पुढचं सगळं वेगानं घडलं. ते वूताई डोंगराच्या भागात आघाडीवर गेले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले, एकदा तर सलग ७२ तास न झोपता ऑपरेशन केली. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचा नोव्हेंबर १९३९ मध्ये तिथंच मृत्यू झाला होता. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या हॉस्पिटलचे प्रमुख म्हणून १९४१ मध्ये कोटणीस यांची नेमणूक झाली. ते चिनी शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि १९४६ मध्ये त्यावरून सिनेमा आला. पथकातले बाकीचे चौघे परतले, सगळ्यात शेवटी १९४३ मध्ये बसू. पुढे याच बसूंनी भारतात ॲक्युपंक्चर रुजवलं.

कोटणीसांची समाधी चीनमध्ये शिजियाझुआंगला आहे. सोलापुरातल्या त्यांच्या घराचं २०१२ मध्ये स्मारक झालं.