थांबणं कळलेला सम्राट

नोकरीसाठी न्यूकॅसलला आल्यापासून ‘हेड्रियन’ हे नाव सारखं कानावर पडतं. इथे मेट्रोचं एक स्टेशनच ‘हेड्रियन रोड’ आहे आणि त्याच्या शेजारचं ‘वॉल्सएंड’, म्हणजे भिंतीचं टोक. हा माणूस होता तरी कोण, म्हणून वाचत गेलो.

इ.स. ७६ मध्ये जन्मलेल्या हेड्रियनचं घराणं स्पेनमधल्या इटालिकाचं. नात्यातला ट्राजन रोमचा सम्राट झाला आणि त्याच्यामागून, ११७ मध्ये, हा. ट्राजनने साम्राज्य पार मेसोपोटेमियापर्यंत नेलं होतं. हेड्रियनने गादीवर येताच पूर्वेकडचा तो नवा मुलूख सोडून दिला. जिंकत राहण्यातच मोठेपणा मानणाऱ्या रोममध्ये हे केवढं धाडस!

एकवीस वर्षांच्या कारकिर्दीतली निम्म्याहून जास्त वर्षं तो राजधानीबाहेर फिरत होता. सैनिकांबरोबर पायी चालायचा, छावणीतलंच साधं जेवायचा. १२२ मध्ये तो ब्रिटनला आला आणि त्याच सुमारास भिंतीचं काम सुरू झालं. लांबी सुमारे ११७ किलोमीटर. दर रोमन मैलाला, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवर, एक छोटी गढी आणि दोन गढ्यांमध्ये दोन टेहळणी बुरूज. गंमत म्हणजे गढ्यांना उत्तरेकडेही दारं होती. म्हणजे ये-जा बंद नव्हती, तिच्यावर नजर होती. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको! पहाऱ्यावरचे बरेच शिपाईही परमुलखातून आलेले. पंचवीस वर्षं चाकरी केली की त्यांना रोमचं नागरिकत्व मिळायचं.

पण हेड्रियन काही संत नव्हता. त्याच्या राज्याच्या सुरुवातीलाच चार बड्या सरदारांना ठार करण्यात आलं. १३२ मध्ये ज्यू लोकांनी केलेला उठाव त्याने निर्दयपणे चिरडला. १३८ मध्ये आजारपणाने खंगून तो गेला.

पुढच्या सम्राटाने स्कॉटलंडमध्ये आणखी उत्तरेला दुसरी भिंत बांधली. वीसेक वर्षांत ती सोडून रोमन हेड्रियनच्याच भिंतीवर परतले आणि पुढे जवळपास अडीचशे वर्षं तिथेच राहिले. आणखी मिळवण्यापेक्षा आहे ते सांभाळणं कठीण, हे त्याला आधीच उमगलं होतं.

इकडे आलात तर हाउसस्टेड्सचा किल्ला बघाच. जवळच्या गढीच्या उत्तर दाराची कमान अर्धवट का होईना, अजून उभी आहे.