डॉ. रखमाबाई आणि पन्नाशीतल्या गरम वाफा

डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की खटला आठवतो. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावले गेले. मोठेपणी त्यांनी नांदायला नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी ठेवली. पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या.

१८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे ३५ वर्षे स्त्रियांवर उपचार केले. बायका रुग्णालयात बाळंतपणाला यायला घाबरत. त्यांची भीती जावी म्हणून रखमाबाईंनी गाभण शेळी रुग्णालयात आणून तिची सुटका करून दाखवली, असे सांगतात. पुरुष डॉक्टरपुढे जी दुखणी बोलता येत नव्हती, ती सांगायला बायकांना हक्काचे माणूस मिळाले.

पाळी जातानाच्या गरम वाफा हे तसेच एक दुखणे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे काढले गेले ते १९२९ मध्ये, म्हणजे रखमाबाई निवृत्तीला आल्या तेव्हा. त्यांच्या जवळजवळ साऱ्या कारकिर्दीत डॉक्टरांच्या हाती यावर नेमके औषध नव्हते. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज कारण ठाऊक आहे. इस्ट्रोजेन घटले की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते. थोड्याशा उष्णतेनेही ते शरीर थंड करू लागते. चेहरा, मान, छाती तापते, घाम फुटतो, धडधडते आणि काही मिनिटांत सारे ओसरते. हा त्रास अनेकींना काही वर्षे पुरतो.

न्हावा शेवा, उरणच्या दमट हवेत तो उकाड्याच्या नावावर खपून जातो. पण पंखा चालू असताना, पहाटे गारव्यातही अंगातून वाफा निघत असतील, तर कारण हवामान नव्हे. सैल सुती कपडे वापरावेत. गरम चहा आणि तिखटाने त्रास वाढत असेल तर ते कमी करावे. तंबाखू, मिशेरी सोडावी, वजन आटोक्यात ठेवावे. झोप उडत असेल तर डॉक्टरांना सांगावे. संप्रेरकांच्या गोळ्या गुणकारी आहेत, पण स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी किंवा यकृताचा आजार असल्यास सहसा दिल्या जात नाहीत. त्या मनाने घेऊ नयेत. अशांसाठी बिगर-संप्रेरक औषधेही आहेत.

रात्रीच्या घामासोबत ताप, खोकला किंवा वजनात घट असेल, तर क्षयरोग आणि थायरॉइडची तपासणी हवी. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर एक डागही अंगावर काढू नये. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते आणि वेळेत कळले तर तो बरा होतो.

रखमाबाईंच्या काळात बाईने बोलूनही औषध मिळत नव्हते. आज औषध आहे, बोलणे तेवढे बाकी आहे.