मंगळवार, मयच्या घरी

खलील जिब्रान आपल्याला काही परका नाही. वि. स. खांडेकरांनी त्याच्या रूपककथा मराठीत आणल्या, आणि मुलांविषयीचा त्याचा तो प्रसिद्ध उतारा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. या जिब्रानबद्दल वाचायला घेतलं की एका बाईचं नाव हटकून येतं. मय झियादे. आणि पुढे एकच ओळ असते, की ही त्याची कधीच न भेटलेली प्रेयसी. झालं! संपली मय. मला हे अजिबात पटत नाही.

मयचा जन्म 1886चा, नाझरेथचा. येशू ख्रिस्ताचं बालपण गेलं ते हे पॅलेस्टाइनमधलं गाव, तेव्हा तुर्की सुलतानाच्या राज्यात होतं. वडील लेबनॉनचे, शिक्षक. आई पॅलेस्टाइनची. घर ख्रिश्चन आणि बोली अरबी. अरब म्हटलं की मुसलमानच, असं आपण धरून चालतो, पण अरबी बोलणारे, अरबीत प्रार्थना करणारे ख्रिस्ती तिथे शतकानुशतकं आहेत. लेकीचं नाव ठेवलं मारी. ‘मय’ हे नाव तिने पुढे स्वतः घेतलं. चौदाव्या वर्षी तिला लेबनॉनला जोगिणींच्या फ्रेंच शाळेत, वसतिगृहात ठेवलं. तिथे फ्रेंच इतकी पक्की झाली की 1911मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं ते फ्रेंच कवितांचं, तेही टोपणनावाने.

त्याआधी 1908च्या सुमाराला झियादे कुटुंब कैरोला आलं होतं. त्या काळी लेबनॉन-सीरियातली हजारो माणसं पोटापाण्यासाठी आणि मोकळ्या हवेसाठी घर सोडत होती. कुणी अमेरिका गाठली. जिब्रान असाच लहानपणी आईबरोबर बोस्टनला गेला होता. कुणी इजिप्तला आले आणि त्यांनी छापखाने घातले. ‘अल-अहराम’ हे इजिप्तचं नामांकित दैनिक लेबनॉनच्याच दोन भावांनी 1875मध्ये सुरू केलेलं. मयच्या वडिलांच्या हातातही ‘अल-महरूसा’ नावाचं वर्तमानपत्र आलं आणि लेक त्यात लिहू लागली.

पण अरबीत लिहायचं तर अरबी कच्ची. शाळा फ्रेंच ना! तेव्हा थोर संपादक लुत्फी अल-सय्यद यांनी तिला कुराण वाचायला दिलं, भाषेचा डौल त्यातून शीक म्हणून. ख्रिस्ती मुलगी कुराणावरून अरबी घोटू लागली. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत तिने कैरोच्या विद्यापीठात जाऊन इतिहास, तत्त्वज्ञान, अरबी साहित्य असं सगळं रीतसर शिकून घेतलं. इंग्रजी, जर्मन, इटालियनही तिला येत होतं. एकीकडे लोकांच्या मुलींना भाषा शिकवणंही चालू होतं.

आणि मग तिचे मंगळवार. दर मंगळवारी संध्याकाळी तिच्या घरी लेखक-कवींची बैठक भरायची. अंध असूनही विद्वान म्हणून गाजलेले ताहा हुसैन यायचे, अक्काद यायचे, कवी खलील मुतरान यायचे, मशिदीतले शेख यायचे आणि मासिकांचे संपादकही. यजमान कोण, तर पंचविशी ओलांडलेली अविवाहित मुलगी. कैरोतल्या मोठ्या घरच्या बायका तेव्हा पडद्याआड होत्या. हुदा शारावींनी कैरोच्या स्टेशनवर चेहऱ्यावरचा बुरखा काढला तो 1923 साली, म्हणजे मयची बैठक सुरू होऊन दहा वर्षं उलटल्यावर. ही बैठक जवळजवळ वीस वर्षं चालली. आपल्याकडे भिशी चार वर्षं टिकली तरी कौतुक होतं!

तिचं मला सगळ्यात भावलेलं काम मात्र वेगळंच आहे. बायकांच्या शिक्षणासाठी लिहिणारी मलक हिफ्नी नासिफ ही मुसलमान लेखिका तिची मैत्रीण. ती 1918 साली तरुणपणीच गेली. मयने तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, 1920मध्ये. मग आएशा तैमूर आणि वर्दा अल-याझिजी या आधीच्या पिढीतल्या कवयित्रींवरही लिहिलं. आपल्या आधी लिहून गेलेल्या बायकांना विसरू द्यायचं नाही, हे तिने मनावरच घेतलं होतं. आपला देश नेमका कोणता, यावरही तिने लिहिलं. जन्म एकीकडे, वडिलांचं गाव दुसरीकडे, आईचं तिसरीकडे, राहणं चौथीकडेच. प्रत्येक ठिकाणचे लोक तिला बाहेरचीच समजत. सासर-माहेरच्या मध्ये उभ्या राहिलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

जिब्रानशी पत्रव्यवहार 1912च्या सुमाराला सुरू झाला, तोही वादाने बरं का. त्याच्या कादंबरीतली विवाहित नायिका प्रियकराला चोरून भेटते, ते मयला पटलं नव्हतं आणि तिने तसं स्पष्ट कळवलं. हा न्यूयॉर्कला, ती कैरोला. जिब्रान 1931 साली जाईपर्यंत पत्रं चालली. भेट एकदाही नाही.

त्याच्या आगेमागे वडील गेले, 1932 साली आई गेली. भावंडं नाहीत, नवरा नाही. मय खचली. काळे कपडे, बंद दार, मंगळवार थांबलेले. ती दुःखात होती, इतकंच. पण एकटी बाई, नावावर मिळकत, आणि सांत्वनाला धावून आलेले नातेवाईक! पुढचं ओळखता येतं. जवळच्याच एका नातलगाने कुलमुखत्यारपत्रावर तिची सही घेतली, तिला लेबनॉनला नेलं आणि 1936मध्ये बैरूतजवळच्या ‘अस्फुरिये’त भरती केलं. आपण जसं चेष्टेत ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतो, तसं लेबनॉनमध्ये अस्फुरियेचं नाव घेतात. वेड्यांचं इस्पितळ. मयने अन्न सोडलं, तर बळजबरीने भरवलं गेलं. कैरोत बातमी पसरली की मयला वेड लागलं. आणि वीस वर्षं तिच्या दिवाणखान्यात बसलेल्या विद्वानांनी ती बहुतांशी खरी मानली! बाई वेडी झाली हे लोकांना किती पटकन पटतं.

महिने गेल्यावर तिला दुसऱ्या इस्पितळात हलवलं, वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरलं. लेखक अमीन रिहानी यांचाही आधी त्या बातमीवर विश्वास बसला होता, पण ते स्वतः जाऊन भेटले, बोलले, आणि मग तिच्या बाजूने उभे राहिले. तरी कायद्याने शहाणी ठरायचं बाकी होतं. 22 मार्च 1938ला बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात, भरगच्च सभागृहात मयने व्याख्यान दिलं. विषय होता, अरब जगात लेखकाचं काम काय. ऐकायला आलेल्यांपैकी कित्येक जण ती अडखळते का तेच बघायला आले असणार. ती अडखळली नाही. त्याच वर्षी तिच्या व्यवहारांवरची बंदी उठली.

ती कैरोला परतली. पण मंगळवार पुन्हा भरले नाहीत. ऑक्टोबर 1941मध्ये ती गेली तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. अंत्ययात्रेला अगदी मोजकी माणसं. पुढे हुदा शारावींनी आपल्या महिला संघात शोकसभा घेतली, तिला मात्र मंगळवारचे जुने पाहुणे आले आणि भरभरून बोलले.

जिब्रानने तिला लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली, अनेक भाषांत गेली. तिने त्याला लिहिलेल्यांपैकी फारच थोडी हाती लागली आहेत.