नाईक यशवंत घाडगे

माणगावातला तो सैनिकाचा पुतळा लहानपणी मी एस.टी.च्या खिडकीतून पाहत असे. कोणाचा, हे सांगणारे घरात कोणी शिकलेले नव्हते.

यशवंत घाडगे १९२१ साली माणगाव तालुक्यातील पळसगावी जन्मले. मराठा लाइट इन्फंट्रीत ते नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांची सारी तुकडी जायबंदी वा ठार केली. उरले हे एकटे. मागे कोणी नाही हे ठाऊक असूनही ते धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला सवड कुठली! तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून ठार केले. मग छातीत व पाठीत गोळ्या लागून ते कोसळले. वय अवघे २२. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देश पारतंत्र्यात असताना हे परक्यांचे युद्ध ते का लढले, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. २०२३ साली इटलीतील मोंतोने गावाने त्यांच्या नावाचे सावलीचे घड्याळ उभारून तेथे लढलेल्या हिंदी जवानांचा गौरव केला. ती बातमी वाचली आणि पुढच्या खेपेला मी माणगावला मुद्दाम उतरलो.