प्रेसिंग शिकवणारे आजोबा

लिव्हरपूल किंवा बार्सिलोनाची मॅच बघताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेलच. चेंडू गेला रे गेला की तिघं-चौघं समोरच्या खेळाडूवर तुटून पडतात. श्वास घ्यायलाही उसंत देत नाहीत. याला आपण सगळे ‘प्रेसिंग’ म्हणतो आणि श्रेय देऊन टाकतो क्लॉप, ग्वार्डिओला यांना. फार तर क्रायफचं नाव घेतो. पण व्हिक्टर मास्लोव्ह हे नाव ऐकलंय?

मास्लोव्ह १९१० साली मॉस्कोत जन्मला. मोटार कारखान्याच्या टॉर्पेडो संघात मिडफिल्डला खेळला, पुढे तिथेच प्रशिक्षक झाला आणि १९६० मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले. एवढ्यावर थांबला असता तरी नाव राहिलं असतं. खरी गंमत मात्र १९६४ मध्ये तो युक्रेनच्या डायनॅमो कीव्हकडे गेला तिथून सुरू होते.

त्या काळी फुटबॉल म्हणजे ज्याने त्याने आपला माणूस धरायचा. तो जाईल तिकडे मागे जायचं. मास्लोव्हला हे पटत नव्हतं. त्याने प्रत्येकाला माणसाऐवजी मैदानाचा तुकडा वाटून दिला. बचाव फळीच्या पुढे तुर्यांचिकला उभं केलं, म्हणजे हल्ला तिथेच फुटावा. बिबाला मात्र पूर्ण मोकळीक. आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असेल तर त्याला सरळ घेराव! आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? अहो, नव्वद मिनिटं असं धावायला दम लागतो. टर्फवर दहा मिनिटं करून बघा, कळेल. म्हणून मास्लोव्हने फिटनेस आणि खाण्यापिण्याकडेही बारीक लक्ष दिलं. तेव्हाच्या मॉस्कोच्या पेपरवाल्यांना हा प्रकार आवडला नाही. एका खेळाडूला चौघांनी घेरलेला फोटो छापून, असला फुटबॉल आम्हाला नको, असा शेरा मारला गेला.

या पद्धतीची किंमतही होती. मधली फळी भक्कम करायची तर कडेने पळणाऱ्या विंगरना जागा उरत नव्हती. कीव्हमध्ये तेव्हा पंचविशीचा एक विंगर प्रेक्षकांचा जीव की प्राण होता. त्याची वळणारी कॉर्नर किक बघायला लोक यायचे. मास्लोव्हने त्यालाच बाहेर बसवलं. शेवटी तो संघ सोडून ओडेसाला गेला. नाव वालेरी लोबानोव्हस्की. लक्षात ठेवा, पुन्हा येणारे.

निकाल काय लागला? १९६६, ६७, ६८ अशी सलग तीन वर्षं डायनॅमो सोव्हिएत विजेते. १९६७ मध्ये तर युरोपचा विजेता सेल्टिक पहिल्याच फेरीत गारद. ग्लासगोत २-१ ने हरवलं, कीव्हमध्ये १-१.

खेळाडू त्याला ‘आजोबा’ म्हणायचे. तो होता पन्नाशीतलाच, पण दिसायचाही तसा आणि वागायचाही. खेळाडूंशी चर्चा करायचा, त्यांचं ऐकायचा. सोव्हिएत काळातला प्रशिक्षक आणि असा, मला तर हे प्रेसिंगपेक्षा भारी वाटतं.

१९७० मध्ये मात्र संघ घसरला. सातवा नंबर आला. मोसम संपायच्या आधीच, मॉस्कोत मॅचसाठी गेलेले असताना, त्याला काढल्याचं सांगण्यात आलं. मॅचनंतर संघाची बस विमानतळाकडे निघाली, वाटेत एका मेट्रो स्टेशनवर तो उतरला. सलग तीन विजेतेपदं देणाऱ्या माणसाचा निरोप समारंभ एवढाच. वाईट वाटतं राव.

तो खचला नाही. १९७२ मध्ये टॉर्पेडोला पुन्हा कप जिंकून दिला, १९७५ मध्ये येरेव्हानच्या अरारातला. आणि त्याच १९७५ मध्ये डायनॅमो कीव्हने युरोपचा कप विनर्स कप जिंकला. प्रेसिंग तेच, आता आकडेमोड आणि शास्त्राची जोड दिलेलं. प्रशिक्षक होता लोबानोव्हस्की, तोच, बाहेर बसवलेला विंगर. पुढे ऐंशीच्या दशकात त्याच्या संघाशी जर्मनीतल्या एका छोट्या क्लबची मैत्रीपूर्ण लढत झाली. त्या क्लबचा तरुण प्रशिक्षक राल्फ रांगनिक खेळता खेळता चक्रावला, समोरच्यांचे एक-दोन खेळाडू जास्त तर नाहीत ना, असं त्याला वाटलं. जर्मनीत प्रेसिंग रुजवणाऱ्यांत हाच रांगनिक पुढे आघाडीवर होता.

मास्लोव्हने यातलं काही पाहिलं नाही. तो १९७७ मध्येच मॉस्कोत गेला.